एक एम्ब्रियो की दोन? एकत्र की एकेक करून?

आयव्हीएफ, म्हणजे टेस्ट ट्यूब बेबीचा उपचार, चालू असताना कधीतरी डॉक्टर विचारतात, "मग किती एम्ब्रियो (लॅबमध्ये तयार झालेले अगदी सुरुवातीचे गर्भ) गर्भाशयात ठेवायचे?" आणि बरीच जोडपी क्षणाचाही विचार न करता म्हणतात, "दोन ठेवा ना डॉक्टर." एवढी इंजेक्शनं झाली, एवढे पैसे गेले, घरी सगळे वाट बघतायत, मग एकावर कशाला भागवायचं? एकाने नाही धरलं तर दुसरं आहे, आणि दोन्ही राहिले तर काय, एका बाळंतपणात घर पूर्ण. ऐकायला हे इतकं बरोबर वाटतं की त्यावर कोणी काही बोलतच नाही. पण यात एक हिशोब दडलाय जो पेशंटला नीट समजावून सांगितलाच जात नाही, आणि तो समजला की बऱ्याच जणांचं उत्तर बदलू शकतं, म्हणून हे सगळं जरा सविस्तर लिहितोय.

आधी थोडक्यात प्रोसेस. इंजेक्शनं देऊन एकाच महिन्यात बरीच बीजं तयार करतात, ती बाहेर काढून लॅबमध्ये शुक्राणूंशी फलन करतात, त्यातून एम्ब्रियो बनतात. तिसऱ्या दिवशी ते साधारण आठ पेशींचे असतात, आणि पाचव्या-सहाव्या दिवसापर्यंत जे तग धरतात त्यांना ब्लास्टोसिस्ट म्हणतात. त्यातले एक-दोन पातळ नळीने गर्भाशयात सोडायचे, हे ट्रान्सफर. उरलेले चांगले असतील तर फ्रीझ करून ठेवता येतात. १९७८ मध्ये जगातली पहिली टेस्ट ट्यूब बेबी जन्मली तेव्हा एकच बीज काढलं होतं आणि एकच एम्ब्रियो ठेवला होता. दोन, तीन, चार ठेवायची पद्धत त्यानंतर आली, कारण तेव्हा लॅब आजच्यासारख्या नव्हत्या, एकेका एम्ब्रियोचा भरवसा फार कमी होता आणि फ्रीझ केलेले एम्ब्रियो वितळवताना बरेच मरायचे. त्या काळात जास्त ठेवण्यात अर्थ होता. आता व्हिट्रिफिकेशन नावाच्या झटपट गोठवण्याच्या पद्धतीत चांगले ब्लास्टोसिस्ट शंभरातले पंचाण्णवच्या आसपास सुखरूप परत येतात. लॅब बदलली, पण "जास्त ठेवले की जास्त चान्स" हे लोकांच्या डोक्यात तसंच राहिलं.

आता हिशोब. समजा एका जोडप्याकडे दोन चांगले एम्ब्रियो आहेत आणि प्रत्येकाचा बाळापर्यंत पोचायचा चान्स ४० टक्के आहे. हा आकडा मी फक्त उदाहरणासाठी घेतलाय, तुमचा आकडा वयावर आणि एम्ब्रियोवर ठरेल. अशी शंभर जोडपी घेऊ.

सगळ्यांनी दोन्ही एम्ब्रियो एकदम ठेवले तर ३६ जणांकडे काहीच होणार नाही, ४८ जणांना एक बाळ होईल आणि १६ जणांना जुळं. म्हणजे ६४ घरांत पाळणा हलला, आणि त्यातल्या दर चौथ्या घरात जुळं.

आता त्याच शंभर जणांनी एकेक करून ठेवले तर? पहिल्या ट्रान्सफरला ४० जणांना बाळ. उरलेले ६० जण काही आठवड्यांनी फ्रीझरमधला दुसरा ठेवतील, त्यातल्या २४ जणांना बाळ होईल. चाळीस आणि चोवीस, चौसष्ट! तेवढीच घरं. आणि ज्या ४० जणांचं पहिल्यांदाच जमलं त्यांच्याकडे एकेक एम्ब्रियो अजून शिल्लक आहे, दोन-तीन वर्षांनी त्यांनी तो ठेवला तर अजून १६ बाळं. मोजून बघा, दोन्ही रस्त्यांनी एकूण बाळं ८०च होतात. फरक एवढाच की पहिल्या रस्त्यात ३२ बाळं जुळ्यातली आहेत, आणि दुसऱ्या रस्त्यात जवळपास सगळी एकेकटी जन्मलेली. जवळपास म्हणतोय कारण एकच एम्ब्रियो ठेवला तरी कधी कधी तो आत गेल्यावर दुभंगतो आणि एकसारखी जुळी होतात, पण हे शंभरात एक-दोन वेळा.

प्रत्यक्षात गणित इतकं स्वच्छ चालत नाही हे मान्य. वितळवताना एखादा जातो, दोन एम्ब्रियोंची क्वालिटी सारखी नसते, एखाद्या बाईच्या गर्भाशयातच अडचण असेल तर दोन्ही वेळेला तीच आडवी येते. पण मूळ मुद्दा टिकतो, आणि तो माणसांवर तपासूनही झालाय. २००४ मध्ये स्कँडिनेव्हियातल्या एका मोठ्या चाचणीचे निष्कर्ष छापून आले, त्यात छत्तीशीच्या आतल्या ६६१ बायका होत्या. चिठ्ठ्या टाकल्यासारखे दोन गट केले, एका गटाला दोन एम्ब्रियो एकदम आणि दुसऱ्या गटाला आधी एक, नाही जमलं तर फ्रोझन एक. दोन एकदमवाल्या गटात बाळ झालं ४२.९ टक्के जणींना, एकेकवाल्या गटात ३८.८ टक्के. पण बाळंत झालेल्यांमध्ये जुळ्यांचं प्रमाण बघा, पहिल्या गटात ३३.१ टक्के आणि दुसऱ्या गटात ०.८ टक्के! आणि हे त्या वेळच्या फ्रीझिंगवर, म्हणजे आजच्यापेक्षा बऱ्यापैकी कच्च्या टेक्निकवर.

पण याच चाचणीत अजून एक आकडा आहे आणि पेशंटच्या मनात तोच बसतो. फक्त पहिलं ट्रान्सफर बघितलं तर एकवाल्या गटात बाळ झालं साधारण २८ टक्के जणींना. म्हणजे तुम्ही एकाच ट्रान्सफरपुरता विचार केलात तर दोन ठेवणं सरळसरळ सरस आहे, २८ विरुद्ध ४३. पेशंट म्हणतात दोन ठेवा तेव्हा ते काही अडाणीपणाने बोलत नसतात, ते या एका ट्रान्सफरचा हिशोब बरोबरच करत असतात. त्यांना फक्त कोणी सांगितलेलं नसतं की हिशोब एका ट्रान्सफरचा नाही, एकदा काढलेल्या सगळ्या बीजांचा मिळून करायचा असतो. आणि कितीतरी क्लिनिकही आपला सक्सेस रेट ट्रान्सफरमागेच सांगतात, मग पेशंटने वेगळा विचार करायचा तरी कुठून.

दुसरी गोष्ट म्हणजे जुळं म्हटल्यावर लोकांच्या डोळ्यासमोर काय येतं. एकसारखे कपडे घातलेली गोड दोन पिल्लं. डॉक्टर म्हणतात "जुळ्यात रिस्क असते" आणि रिस्क हा शब्द आयव्हीएफच्या पेशंटने इतक्या वेळा ऐकलेला असतो की तो कानावरून जातो. म्हणून जरा जवळून सांगतो.

एकट्या बाळांपैकी साधारण दहातलं एक ३७ आठवड्यांच्या आधी जन्मतं. जुळ्यांमध्ये निम्म्याहून जास्त. समजा ३२व्या आठवड्याला कळा सुरू झाल्या आणि बाळंतपण झालं. बाळं दीड-पावणेदोन किलोची. चोखणं, गिळणं आणि श्वास घेणं या तिन्ही गोष्टींचा मेळ बाळाला साधारण ३४व्या आठवड्याच्या सुमारास जमायला लागतो, त्याआधी दूध नाका-तोंडातून घातलेल्या बारीक नळीने द्यावं लागतं. म्हणजे आई टाके सांभाळत दर दोन-तीन तासांनी पंपाने दूध काढतेय, बाबा ती छोटी बाटली घेऊन एनआयसीयूच्या (नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागाच्या) दाराशी उभा आहे, आत नर्स मिलीलीटरमध्ये मोजून दूध घालतेय, आणि एका बाळाला घरी सोडलं तरी दुसरं अजून पेटीतच. बहुतेक बाळं यातून बाहेर येतात, छान वाढतात, ते नक्की. पण सगळी नाही. सेरेब्रल पाल्सीचा, म्हणजे मेंदूला इजा झाल्याने हालचालींवर कायमचा परिणाम होण्याचा धोका जुळ्यातल्या बाळाला एकट्या बाळाच्या साधारण चौपट असतो, आणि त्याचं मोठं कारण हे लवकर जन्मणंच. आईचंही तसंच आहे. प्री-एक्लॅम्पसिया, म्हणजे गरोदरपणात बीपी वाढून किडनी-लिव्हरपर्यंत त्रास जाणं, जुळ्यात दोन ते तीन पट. रक्त कमी होणं, बाळंतपणानंतर जास्त रक्तस्राव, सिझेरियन, हे सगळंच वाढतं.

आणि "एकाच बाळंतपणात दोन मुलं झाली की सुटलो" या विचाराचं काय? हा विचार वाईट नाही, दोन मुलं हवी असणं साहजिकच आहे, त्यात वय पस्तिशीकडे चाललेलं असेल तर घाई पण असते. पण त्याची योग्य तुलना जुळं विरुद्ध एक मूल अशी नाही होऊ शकत, ती जुळं विरुद्ध पाठोपाठची दोन वेगळी मुलं अशी हवी. स्वीडनमध्ये नेमकी हीच तुलना केली, २०१३ मध्ये ती छापून आली. आयव्हीएफने एकदाच जुळं झालेल्या बायका आणि आयव्हीएफनेच दोन वेळा एकेक मूल झालेल्या बायका. दोघींकडे शेवटी दोनच मुलं. तरीही जुळ्यांच्या बाजूला लवकर जन्म, कमी वजन, आईचे त्रास हे सगळं स्पष्ट जास्त निघालं.

आता इथपर्यंत वाचून कोणी म्हणेल की मग पेशंटला काय विचारायचं, सरळ नियम करा. काही देशांनी केलाही. स्वीडनने २००३ मध्ये एक एम्ब्रियो हाच सर्वसाधारण नियम ठरवला, जुळ्यांचं प्रमाण पाच टक्क्यांच्या आसपास आलं आणि बाळ होण्याचं प्रमाण कोसळलं नाही. ब्रिटनमध्ये आयव्हीएफवर देखरेख करणाऱ्या संस्थेने टप्प्याटप्प्याने क्लिनिकांना जुळी-तिळी कमी करायची टार्गेट दिली, तिथे २००८ च्या सुमारास आयव्हीएफच्या बाळंतपणांत साधारण २४ टक्के जुळी-तिळी असायची, २०१९ पर्यंत ते सहा टक्क्यांवर आलं. कागदावर हे छानच आहे. पण मला वाटतं पेशंटला काय हवंय हे बाजूला सारून चालणार नाही, कारण त्यांच्या पसंतीमागे खरी कारणं असतात.

वेगवेगळ्या देशांत पेशंटशी बोलून जे अभ्यास झाले त्यात एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसते. या लोकांच्या लेखी सगळ्यात वाईट काय, तर काहीच न होणं. लवकर जन्मलेलं बाळ, एनआयसीयू, अगदी बाळाला काही कायमचा त्रास होणं, या सगळ्यापेक्षा "मूलच नाही" हे कित्येक जणींनी जास्त वाईट मानलंय. बाहेरून बघणाऱ्याला हे पटणार नाही. पण ज्या बाईने वर्षानुवर्षं दर महिन्याला पाळी आली म्हणून बाथरूममध्ये रडून घेतलंय तिला जुळ्याची भीती दाखवून काय होणार? तिच्या भीतीची जागाच वेगळी आहे. तिला धोक्यांची यादी वाचून दाखवण्यापेक्षा "एकेक केल्याने तुझा चान्स जात नाही" हे आकड्यांनी दाखवणं जास्त कामाचं आहे. एक एम्ब्रियोने चान्स थोडा जरी कमी होतोय असं वाटलं की पेशंट मागे सरतात, आणि फरक नगण्य आहे असं पटलं की बरेच जण तयार होतात.

दुसरं कारण सरळ पैशाचं. दोन वेळा ट्रान्सफर म्हणजे दोन वेळा खर्च, दोन वेळा औषधं, दोन वेळा सुट्टी, आणि बीटा रिपोर्ट (गर्भ राहिला की नाही हे सांगणारी रक्ततपासणी) येईपर्यंतचे ते जीव टांगणीला लागलेले दिवस दोन वेळा. खिशातून पैसे भरणाऱ्याला दोन एकदम ठेवावेसे वाटणं अगदी साहजिक आहे, मग जुळ्यांचा एनआयसीयूचा खर्च ट्रान्सफरच्या खर्चाच्या कितीतरी वर जाऊ शकतो हे तेव्हा सुचत नाही. बेल्जियमने २००३ मध्ये हे ओळखून सौदाच केला, की सहा सायकलपर्यंत (इंजेक्शनांपासून ट्रान्सफरपर्यंतची एक फेरी म्हणजे एक सायकल) लॅबचा खर्च सरकार देईल, बदल्यात तरुण बायकांना पहिल्या वेळेला एकच एम्ब्रियो. जुळी पटकन कमी झाली. नेदरलँड्समध्ये एका चाचणीत जोडप्यांना माहितीची पुस्तिका दिली, नर्सने बसून चर्चा केली, वर एक जादा सायकल फुकट द्यायची तयारी दाखवली, तरीही पहिल्या सायकलला दोन एम्ब्रियो घेणारे ८२ वरून ७३ टक्क्यांवर आले एवढंच, आणि तेवढा फरक योगायोगानेही पडू शकतो असं संशोधकांनीच लिहिलं. म्हणजे माहिती द्यायचीच, पण एका पुस्तिकेने एवढी जुनी भीती जाईल अशी अपेक्षा करायची नाही.

काही गैरसमज भराभर. दोन एम्ब्रियो एकमेकांना धरून ठेवतात, सोबत असली की रुजायला मदत होते, असं काही नसतं. चांगल्या एम्ब्रियोसोबत एखादा कमकुवत "असू दे" म्हणून ठेवल्याने चान्समध्ये फार भर पडत नाही, जुळ्याची शक्यता मात्र वाढते. फ्रोझन म्हणजे शिळं, असंही नाही, हल्ली बऱ्याच ठिकाणी फ्रोझनचे रिझल्ट फ्रेशच्या तोडीस तोड येतात. अर्थात फ्रोझन ट्रान्सफरनंतर प्री-एक्लॅम्पसियाचा धोका किंचित जास्त दिसलाय, विशेषतः सगळे हार्मोन बाहेरून देऊन लायनिंग, म्हणजे गर्भाशयाचं आतलं अस्तर, तयार केलेली असेल तेव्हा. ते डॉक्टरला विचारून घ्या, पण जुळ्यामुळे वाढणाऱ्या धोक्यापुढे ते लहान आहे.

मग दोन कधी ठेवायचे? माझ्या मते वय हे सगळ्यात मोठं कारण. चाळिशीनंतर स्वतःच्या बीजांपासून बनलेल्या बहुतेक एम्ब्रियोंमध्ये गुणसूत्रांचा गोंधळ असतो, वरून ते कितीही देखणे दिसोत. तिथे एकेकाचा चान्स दहा टक्क्यांच्या आसपास किंवा त्याहून कमी असेल तर वरचा हिशोब पुन्हा करून बघा, दोन्ही रुजायची शक्यता शंभरात एक. अशा बाईने दोन मागितले तर ती चूक करतेय असं कोणी म्हणू नये. चांगल्या एम्ब्रियोची दोन-तीन ट्रान्सफर फेल गेली असतील, किंवा एम्ब्रियो तिसऱ्या दिवशीचे आणि साधारण क्वालिटीचे असतील, तरी दोनचा विचार होतो.

उलट काही ठिकाणी एकावरच ठाम राहावं. बीज तरुण डोनरचं असेल तर तुमचं वय चव्वेचाळीस असलं तरी एम्ब्रियो तरुण आहे, तो रुजायचा चान्स चांगला आहे, आणि तुमच्या वयाला जुळं जास्त जड जाणार आहे. गुणसूत्रं तपासून नॉर्मल आलेला एम्ब्रियो असेल तर कुठल्याही वयात एकच. आधी सिझेरियन झालंय, गर्भाशयाचा आकार वेगळा आहे, गर्भपिशवीचं तोंड सैल आहे, हार्टचा किंवा बीपीचा त्रास आहे, किंवा पहिलं मूल फार लवकर जन्मलं होतं, तरी एकच.

आणि हे सगळं बोलायचं कधी, तर ट्रान्सफरच्या दिवशी नाही! त्या सकाळी सोनोग्राफीत नीट दिसावं म्हणून बाईला पाणी पाजून ब्लॅडर भरलेलं असतं, ती टेबलावर पडलेली असते, स्क्रीनवर तिचे एम्ब्रियो पहिल्यांदा दिसतात, गोल, चमकणारे, आणि ते बघून डोळे भरून येतात. त्या अवस्थेत "दोन छान आहेत, दोन्ही सोडू का?" असं विचारलं तर कुठली बाई नाही म्हणेल? त्यात फॉर्मवर आकड्याची जागा कधी कधी कोरीच असते आणि सही आधीच घेतलेली असते. म्हणून इंजेक्शनं सुरू व्हायच्या आधीच्या भेटीत हा विषय काढा. डॉक्टरांना विचारा की माझ्या वयाला, माझ्यासारख्या केसमध्ये एका एम्ब्रियोचा चान्स किती, दोन एकदम ठेवले तर किती आणि जुळ्याचा किती, एकेक करून सगळे वापरले तर एकूण किती. तुमच्या लॅबमध्ये वितळवल्यावर शंभरातले किती टिकतात. दुसऱ्या ट्रान्सफरला नेमका किती खर्च येईल, फ्रीझिंगचं भाडं धरून. हे आकडे क्लिनिककडे असायला हवेत, आणि जे क्लिनिक द्यायला टाळाटाळ करतं तिथे जरा सावध राहा.

नवरा-बायकोचं यावर एकमत असेलच असं धरून चालू नका. त्याला जुळं हवं असतं आणि तिला भीती वाटत असते, किंवा तिला आता हे सगळं एकदाचं संपवायचं असतं आणि तो म्हणतो हळूहळू घेऊ. दोघांनी आधी वेगवेगळं कागदावर लिहावं, आपल्याला सगळ्यात जास्त भीती कशाची वाटते, फेल जाण्याची, पैसे संपण्याची, की बाळाला किंवा आईला काही होण्याची. मग कागद अदलाबदल करून वाचावेत. आणि तरीही अडलं तर जिच्या पोटात ते वाढणार आहे तिच्या मताला जास्त वजन द्यावं, सासू, आई, मावशी, शेजारीण यांच्या मताला द्यायची गरज नाही. ठरल्यावर फॉर्मवर तो आकडा तुमच्यासमोर भरून घ्या, आणि खाली हेही लिहून घ्या की ट्रान्सफरच्या सकाळी एम्ब्रियो अपेक्षेपेक्षा वेगळे निघाले तर आकडा बदलायचा का आणि कोणाला विचारून.